अम्माच्या गुरुवारची भाकर

अम्माचा नवरा कुरियन गेला तो गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात. पण इंदुबाईच्या डोक्यात अम्माच्या गुरुवारच्या भाकरीचा विचार शिरला तो पार शिमगा उलटून गेल्यावर. तोवर बाई जेवते का, झोपते का, याचाच घोर होता. एकदा शिमग्याची राख थंड झाली आणि इंदुबाईचं कॅलेंडरवर फिरणारं बोट त्या गुरुवारावर येऊन थांबलं. म्हणाली, "अगो बाय, या वर्षी अम्माच्या टेबलावर भाकर कोण ठेवंल?"

अम्मा म्हणजे एलियाम्मा. केरळातली सुरियानी ख्रिस्ती बाई. रोह्यात धाटावच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांची जी वस्ती आहे, तिथं इंदुबाईच्या घराला भिंत लावून तिचं घर. नवरा कुरियन कंपनीत बॉयलरवर होता. मुलगी लिसी लग्न होऊन सासरी, मुलगा शिबू दुबईत. इंदुबाईचा नवरा काळुराम त्याच खात्यात हेल्पर. दोघांची शिफ्ट एक, डबा खायची जागा एक आणि बिडीही बहुतेक वेळा एकच.

या लोकांत ईस्टरच्या आधीचा गुरुवार मोठा. येशूनं आपल्या माणसांसोबत शेवटचं जेवण केलं तो दिवस. दिवस मावळला की घरातलं सगळ्यांत मोठं माणूस प्रार्थना म्हणतं, तांदळाची उकडलेली भाकर मोडतं आणि वयाच्या क्रमानं एकेकाच्या हातावर ठेवतं. सोबत नारळाच्या दुधात गूळ. अम्मानं हे लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकवलेलं नव्हतं. कंपनीत संप होता तेव्हा नाही, कुंडलिका नदीचं पाणी दारात आलं त्या साली नाही, शिबूला कावीळ झाली तेव्हाही नाही.

पण त्यांच्यातला नियम असा की ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलंय, त्या घरानं ही भाकर करायची नाही. पिठाला हातसुद्धा लावायचा नाही. शेजारघरानं ती करून आणायची, आणि तीही न सांगता. दु:खातल्या माणसानं मागायची नाही आणि पैसे देऊन आणायची नाही. कुणी आणली तर टेबल मांडायचं. नाही आणली तर त्या वर्षी टेबल रिकामं.

केरळात याची अडचण नव्हती. तिथं एका हाकेवर दहा ख्रिस्ती घरं. रोह्यातही एके काळी सहा-सात होती. मग एक कंपनी बंद पडली, दुसरीनं माणसं कमी केली, पोरं शिकून वाशी-नेरूळला गेली, म्हातारे गावी परतले. आता अम्मा सोडली तर एक वर्गीसकाका उरले होते, आणि ते बिचारे स्वतःच खाणावळीत जेवत होते.

इंदुबाईनं अंगणातल्या भिंतीवरून अंदाज घेतला. "अम्मा, गुरवारचं कसा करायचा मंग?"

अम्मा अंगणात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कसा काय? काय नाय करायचा. लिसी येणार पोरांना घेऊन. भात-सांबार खातील."

"शिबू काय म्हणतो?"

"शिबू दुबईतून फोन करतो. बोलतो, अम्मा, नेरूळच्या चर्चमधल्या बायका विकतात, लिसीला सांग, आण. मी बोलले, वडापाव हाय काय तो?"

इंदुबाई हसली, पण अम्मा हसली नाही. सुपातले खडे तिनं इतक्या जोरानं भिरकावले की कोंबड्या पळाल्या.

हिला आपण पहिल्यांदा पाहिलं ते कसं, हे इंदुबाई कधी विसरली नाही. इंदुबाईचं माहेर पेणच्या खाडीकाठचं. बाप मिठागरात कामाला. आईला पोटातून कळा सुरू झाल्या आणि सुईणीनं हात टेकले, तेव्हा कुणीतरी पेणच्या दवाखान्यात धावलं. भरती चढत होती. बांधावरून गाडी काय, सायकल येत नाही. इंदू तेव्हा परकरी पोर. तिनं बघितलं, बांधावरून एक काळीसावळी, हाडापेराची नर्स येतेय, पांढरी साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, चपला एका हातात, पेटी डोक्यावर. पाणी पोटऱ्यांना लागलेलं. मागून येणारा बाप्या ओरडत होता, "बाय, हळू!" आणि ही आपली पुढंच.

त्या दिवशी जनू जन्मला, इंदूचा धाकटा भाऊ. पायाळू होता. नर्सबाईनं त्याला कसा फिरवला, कसा ओढला, आईला कशी जगवली, ते आत आईलाच ठाऊक. बाहेर इंदूला ऐकू आलं ते एवढंच की नर्सबाई आईला शिव्या घालत होती, आणि त्या शुद्ध खाडीकाठच्या होत्या.

त्याचंही कारण होतं. एलियाम्मा कोट्टायमकडच्या एका खेड्यातून आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. घरात पाठची भावंडं बरीच, बाप खंगलेला. नर्सिंगचं शिक्षण झाल्या झाल्या जिथं जागा मिळाली तिथं ती निघाली, आणि जागा मिळाली पेणला. मराठी शिकवायला कोण होतं? अडलेल्या बायका. त्या जे बोलत ते हिनं उचललं. कळांच्या वेळी बाई नवऱ्याला, सासूला आणि देवाला जे जे बोलते ते सगळं एलियाम्माच्या तोंडी बसलं. एकदा डॉक्टर उशिरा आले तेव्हा हिनं साध्या बोलीभाषेत त्यांची विचारपूस केली आणि डॉक्टर खुर्चीत बसायचे विसरले. पुढं एका वयस्क आयाबाईनं, धोंडुबाईनं, कुठला शब्द कुठं बोलायचा ते शिकवलं. पण थोडंफार राहिलंच.

पुढं इंदू लग्न होऊन रोह्यात आली. नव्या घरात पहिल्याच सकाळी ती पाणी भरायला बाहेर आली, तर शेजारच्या दारात तीच बाई, कुरियनशी लग्न करून आलेली. अंगावर लुंगीसारखं गुंडाळलेलं पांढरं वस्त्र, वर झंपर, कडेवर पोर. इंदूच्या हातातली कळशी तशीच राहिली.

"तुम्ही आमच्या जनूला काढलात!"

"कुठला जनू?"

"पायाळू. मिठागरातला."

अम्मानं डोळे बारीक केले. "तुझी आई बेंबीच्या देठापासून ओरडायची ती?"

"व्हय."

"बरी हाय?"

एवढ्यावर सोयरीक जुळली. त्यानंतर भिंतीच्या अलीकडचं आणि पलीकडचं असं फारसं काही उरलं नाही.

अम्माचा देव मात्र अम्माचाच. त्या बाबतीत तिनं कुणाला सूट दिली नाही, स्वतःला तर नाहीच. रोह्यात चर्च नव्हतं. दर रविवारी पहाटे उठून दोन पोरांना न्हाऊमाखू घालून ती एसटी पकडायची आणि पनवेलच्या बाजूला जिथं प्रार्थना असेल तिथं जायची. वाटेत गडब गावाजवळ एकदा गाडी बंद पडली तर पोरांना रस्त्याकडेच्या दुकानाच्या बाकड्यावर बसवून तिनं तिथंच प्रार्थना म्हणून घेतली. दुकानदारानं भक्तिभावानं रेडिओ बंद केला आणि चहाही पाजला.

मग तिच्या मनानं घेतलं की रोह्यात आपली जागा पाहिजे. आधी तिच्याच पुढल्या खोलीत लोक जमायचे. पुढं एक तुकडा जमीन मिळाली. विटा भट्टीवाल्या एका मुसलमान कुटुंबानं दिल्या, त्यांच्या सुनेचं बाळंतपण हिनं केलेलं. पत्रे कंपनीतले जुने. पावसात काम उघडं पडलं तेव्हा ताडपत्री गणेश मंडळाची. चार भिंती आणि पत्र्याचं छप्पर झालं. वस्तीतले लोक त्याला अम्माचं देऊळ म्हणायचे, आणि अम्मानं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. झाडणं तिचं, वेदीवरचं कापड शिवणं तिचं, महिन्यातून एकदा येणाऱ्या फादरचं जेवण तिचं.

तिथं ठेवायला मदर मेरीची मूर्ती केरळातून आली. वाटेत तिचं नाक उडालं. फादर म्हणाले, परत पाठवू. अम्मा म्हणाली, कशाला? तिनं मूर्ती चादरीत गुंडाळली, एसटीत मांडीवर घेतली आणि सरळ हमरापूरला गेली. गणपती करणाऱ्या एका घराच्या ओसरीत तिनं ती ठेवली आणि म्हणाली, "दादा, हिला नाक बसवून द्या." कारागिरानं नाक बसवलं, आणि हात लागलाच होता म्हणून डोळ्यांची आखणीही करून दिली. मूर्ती परत आली तेव्हा फादरनी वाकून तिचे डोळे बघितले.

"एलियाम्मा, ही तर गौरीसारखी दिसते. माहेरवाशीण."

"मग बरंच हाय," अम्मा म्हणाली. "माहेरी आली म्हणून खूश दिसते."

अशी बाई. वस्तीत अर्ध्या पोरांची नाळ तिनं कापलेली. लिसीला नर्स केलं, शिबूला आयटीआय. नवरा बॉयलरच्या वाफेत भाजला तेव्हा त्याच्या पाठीची जखम तिनं महिनोन्‌महिने धुतली आणि वर त्याला टोमणे मारले की मी हात धुवायला सांगायची तेव्हा ऐकलं नाहीस, आता मी पाठ धुते. कुरियन हसायचा आणि हसताना पाठ दुखायची म्हणून ओरडायचा.

शेवटी हृदयानं गेला, झोपेत. अम्मानं नाडी बघितली, घड्याळ बघितलं, त्याचे डोळे मिटले, आणि मगच भिंतीवर थाप मारून इंदुबाईला उठवलं.

आता ते टेबल रिकामं राहणार म्हणून इंदुबाईला करमेना.

ती काळुरामला म्हणाली, "मी नेते भाकर करून."

काळुराम दाढी करत होता. "त्यांच्यातल्याच माणसानं न्यायची ना पण?"

"त्यांच्यातला हाय कोण आता? सासूबाई गेल्या त्या साली दिवाळीला आपल्याकडं कढई नाय चढली. फराळाचा डबा कुणी आणला पहिला?"

"अम्मानी."

"तिला कोण बोललेला? आपल्यातला नियम तिनं बघून बघून शिकला ना? चकलीच्या जागी ती फुलं-फुलं केलेली काय ती आणली..."

"चांगली होती ती," काळुराम म्हणाला.

"मंग?"

काळुरामनं आरशात बघून मान हलवली.

आता इंदुबाईच्या मनात एक गोष्ट वर्षानुवर्षं होती, जी ती कधी बोलली नव्हती. अम्माच्या हाताला चव होती. नाताळात ती तांदळाचे अप्पम करायची, जाळीदार, लुसलुशीत, कापसासारखे. त्यासाठी ताडी लागायची, पीठ फुगायला, आणि ती ताडी इंदुबाईचा भाऊ जनू खाडीकाठून घेऊन यायचा. पण गुरुवारची भाकर मात्र बाईला कधी जमली नाही. दर वर्षी घट्ट. दर वर्षी बसकी. भिंतीवरून एक तुकडा यायचा, इंदुबाई तो गुळाच्या दुधात बुडवून गोड मानून खायची आणि मनात म्हणायची, बिचारीला आज उपासानं सुचत नसणार. कधी तोंडावर बोलली नाही. माणसाला एखादा पदार्थ नसतो येत.

या वर्षी मात्र दु:खाच्या घरात न्यायची भाकर. ती चांगली फुललेली नको का?

तिनं जनूला निरोप धाडला. बुधवारी जनू बाटली घेऊन हजर. पायाळू जनू आता दोन पोरांचा बाप झालेला. "ताई, ताजी हाय. सकाळी उतरवलेली. दाजींपासून लपव."

तांदूळ भिजले, वाटले. नारळ, जिरं, चिमूटभर मीठ, आणि ताडी. गुरुवारी सकाळपर्यंत पीठ असं वर आलं की टोपाचं झाकण सरकलं. इंदुबाईनं ते बघून स्वतःशीच मान डोलावली. दुपारी तिनं मोठ्या थाळीत उकडायला ठेवलं. उतरवलं तेव्हा भाकर गादीसारखी वर आलेली. बोटानं दाबली तर परत फुगत होती. तिनं दोन केल्या, एक घरच्यांसाठी, एक वाटायला. अम्मा घरच्यांच्या भाकरीवर आदल्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळीचा क्रूस ठेवायची हे तिला माहीत होतं, पण त्याला ती हात लावणार नव्हती. तो अम्माचा मान.

उन्हं कलली तशी ती थाळीवर धुतलेला पंचा टाकून निघाली. भिंतीला वळसा घालून पुढच्या दारानं गेली, पाहुण्यासारखी. मागून काळुराम, हातात गुळाच्या दुधाचं पातेलं.

लिसीनं दार उघडलं. थाळी बघितली, इंदुबाईच्या तोंडाकडं बघितलं, आणि तिचे डोळे भरले. "मौशी..."

"अम्मा कुठं हाय?"

अम्मा आतल्या खोलीतून आली. थाळी बघून थबकली. तिच्या ओठांच्या कडा थरथरल्या. इंदुबाईला वाटलं, आता ही रडते. बरं होईल, कुरियनभाऊ गेल्यापासून रडलेली नाही धड. इंदुबाईनं थाळी टेबलावर ठेवली आणि वरचा पंचा काढला.

अम्मा वाकली. मग तिच्या नाकपुड्या हलल्या.

"इंदू."

"काय गो?"

"ताडी?"

"जनूनं आणली," इंदुबाई अभिमानानं म्हणाली. "ताजी."

लिसीनं तोंडावर हात ठेवला. अम्मा टेबलाचा कोपरा धरून खाली बसली. तिचे खांदे गदागदा हलायला लागले, आणि इंदुबाई धावली तिला सावरायला. जवळ गेल्यावर तिला कळलं, बाई हसतेय. हसता हसता डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज नाही.

"काय झाला? चुकला काय?"

लिसीनंच सांगितलं. "मौशी, या भाकरीला फुगवायचं नसतं. बायबलात आहे, देवाची माणसं मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून रातोरात निघाली. पीठ फुगायला वेळच नव्हता. येशूचं शेवटचं जेवण त्याचीच आठवण, म्हणून ही बिनफुगलेली. मुद्दाम."

"पळायच्या घाईत कोण ताडी आणायला जातो?" अम्मा डोळे पुसत म्हणाली.

इंदुबाई थाळीकडं बघत राहिली. मग तिला सगळं एकदम उमगलं. "म्हंजे तू दर वर्षी ती घट्ट मुद्दाम करायचीस?"

"मग?"

"आणि मी समजायची तुला येत नाय!"

"काय?" अम्मा ताठ बसली. "एवढी वर्षं? तू माझी भाकर खाऊन मनात बोलायचीस, अम्माला येत नाय?"

"तोंडावर कधी बोलले का मी?"

"देवा!" अम्मा म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. काळुराम दारात पातेलं धरून उभा होता, त्याला हसावं की पळावं कळेना.

हसणं ओसरलं. टेबलावर दोन फुगीर भाकरी, आणि बाहेर ऊन भिंतीवरून वर सरकायला लागलेलं. इंदुबाईनं पंचा परत थाळीवर ओढला. मी आणून आणली काय, तर नेमकी चुकीची.

लिसी हळूच म्हणाली, "अम्मा, चालेल. मौशीनं मनापासून आणलंय. देव समजून घेईल."

"देव घेईल," अम्मा म्हणाली. "मी नाय घेणार. कुरियनच्या टेबलावर फुगलेली भाकर नाय मोडणार मी." मग तिनं खिडकीतून उन्हाकडं बघितलं. "इंदू, घरी भाकरीचं पीठ हाय?"

"हाय की."

"नारळ?"

"हाय."

"मग उभी काय? चूल पेटव. दिवस मावळला नाय अजून."

"म्हंजे मी केलेली चालंल? मी तुमच्यातली नाय."

अम्मानं तिच्याकडं असं बघितलं की इंदुबाईला वाटलं आता धोंडुबाईच्या आधीची मराठी ऐकायला मिळणार. "शेजारच्या घरानं न सांगता आणायची, असा नियम हाय, आणि तू न सांगता आलीस. तू शेजारी नाय तर कोण, तहसीलदार हाय?"

मग जे झालं ते वस्तीत बऱ्याच जणांनी बघितलं. काळुराम पायरीवर नारळ फोडतोय, इंदुबाई परातीशी, आणि तिच्या उंबऱ्यावर पाट टाकून बसलेली अम्मा. उंबऱ्याच्या आत तिनं पाऊल टाकलं नाही. पिठाला हात लावायचा नव्हता.

"पीठ आधी भाज थोडं. लाल नाय. लाल नाय गो! उतर, उतर!"

"उतरते ना, ओरडतेस काय बाळंतिणीवर ओरडल्यासारखी."

"उडीद गरम पाण्यात टाकले? वाट आता. पाणी कमी. कमी!"

पाणी जास्तच पडलं. पीठ सैल झालं, परातीत पसरायला लागलं. अम्माचे दोन्ही हात नकळत पुढं आले. आयुष्यभर जिथं काही अडलं तिथं आधी पुढं झालेले ते हात. उंबऱ्याच्या आत शिरले, पिठापासून वीतभर अंतरावर थांबले. इंदुबाईनं वर बघितलं. अम्मानं हात मागं घेतले आणि मांडीखाली दाबून धरले.

"मूठभर पीठ घाल," ती खालच्या आवाजात म्हणाली. "आणि मळ. तुला येतंय."

इंदुबाईनं मळलं. काळुरामनं नारळ खवून दिला आणि हळूच विचारलं, "ती बाटली... उरली काय गो थोडी?"

"खवणी घालीन डोक्यात," इंदुबाई म्हणाली.

दोन भाकरी उकडून निघाल्या त्या चपट्या, कडेला चिरलेल्या. इंदुबाईनं त्या थाळीत उलट्या केल्या आणि अम्मापुढं धरल्या. अम्मानं बोट न लावता वाकून वास घेतला, चिरांकडं बघितलं.

"हां," म्हणाली.

एवढंच. पण इंदुबाईला त्या एका हुंकारानं जे वाटलं ते जनूच्या वेळी आईला वाटलं असेल.

इंदुबाई थाळी घेऊन पुन्हा वळसा घालून पुढच्या दारानं गेली. अम्मा आधीच जाऊन आत उभी होती, जणू काही माहीतच नव्हतं कोण येणार आहे. थाळी टेबलावर ठेवली गेली. सूर्य नुकताच डोंगराआड गेलेला. कुरियन बसायचा त्या खुर्चीपाशी अम्मा उभी राहिली. झावळीचा सुकलेला क्रूस तिनं एका भाकरीवर ठेवला, तिच्या भाषेत प्रार्थना म्हटली, आणि मघापासून दाबून ठेवलेले ते हात आता मोकळे करून भाकर मोडली. लिसीला दिली, जावयाला दिली, नातवंडांना दिली. मग बिनक्रुसाची भाकर घेऊन दाराशी आली. काळुराम वयानं मोठा म्हणून त्याला पहिल्यांदा, मग इंदुबाईला. इंदुबाईनं चावली. घट्ट होती. बरोबर घट्ट होती.

निघताना अम्मानं थाळी धुऊन, पुसून आणली. या दोन घरांमध्ये भांडं कधी रिकामं परतत नसे. काही नाही तर चार मिरच्या, एक लिंबू, मूठभर चिंच तरी त्यात असायचीच. अम्मानं थाळी इंदुबाईच्या हातात दिली. तीत काही नव्हतं.

इंदुबाईच्या माहेरी, मिठागरातल्या लोकांत, दु:खाच्या घरी अन्न नेलं तर भांडं रिकामंच परत यायला लागतं. भरून आलं तर दु:खही मागं येतं म्हणतात. हे अम्माला कुणी सांगितलं नव्हतं.

इंदुबाईनं थाळी काखेत धरली. "येते गो," म्हणाली.

"ये," अम्मा म्हणाली.